कुंकवाखालचा चौथा दिवा

मित्रांनो, भाजे गावात डोंगराच्या पायथ्याशी एक कौलारू घर आहे. त्या घरातल्या देव्हाऱ्याशेजारी लाकडी फळी आहे आणि फळीवर मी बसलेला असतो. मी एक जुना राऊटर. पांढरा होतो, आता पिवळसर झालो आहे. माझी एक शेंडी, म्हणजे अँटेना, वाकडी आहे. बाहेरच्या तारेतून येणारं इंटरनेट घरातल्या फोनांपर्यंत बिनतारी पोचवायचं, हेच माझं काम. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी माझे भाऊबंद असतील. पण माझ्याइतकी पूजा त्यांच्या वाट्याला आली नसेल, आणि माझ्याइतकी लाजही आली नसेल.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावरून जाताना कुणी माझ्या पोटात तारा बसवल्या, कुणी पाठीवर भोकं ठेवली, आणि शेवटी एका बाईने माझ्या कपाळावर चार दिवे लावून पाहिले. पहिला विजेचा. दुसरा वायफायचा. तिसरा घरातल्या तारांचा. चौथ्यावर पृथ्वीच्या गोळ्याचं चित्र होतं. तो हिरवा असला की बाहेरच्या जगाची वाट मोकळी, लाल झाला की वाट तुटली, असं समजायचं. मला तोंड नाही. बोलायचं ते मी या चार दिव्यांनीच बोलतो. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं याच्यावरच आहे.

मला या घरी विक्कीने आणलं. लेणी आणि किल्ला पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना हे घर शनिवार-रविवार जेवण देतं. पिठलं, भाकरी, इंद्रायणीचा भात. डोंगराआड फोनला रेंज नसते, अंगणातल्या पेरूखाली उभं राहिलं तर कशीबशी एक रेघ यायची. मग पाहुण्यांची बुकिंगं यायची कुठून? म्हणून मी आलो.

घरात तिघं होती. विक्की, त्याचे वडील निवृत्तीभाऊ आणि आई सरूबाई. निवृत्तीभाऊंना घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, पळणारे बैलगाडे फोनवर पाहायचा नाद. सरूबाई मात्र देवभोळ्या, हळू बोलणाऱ्या. पहाटे आंघोळ, मग तुळशीला पाणी, आणि तिन्हीसांजेला निरंजन. दिवेलागणीला बसल्या की जप होईपर्यंत त्यांचं मौन असे. चूल पेटलेली असो, पाहुणे आलेले असोत, त्या वेळी त्यांच्या तोंडून शब्द निघत नसे. त्यांच्या त्या व्रताचा सगळ्या घराला मान होता. मलाही होता.

विक्कीने मला फळीवर ठेवलं तेव्हा सरूबाई म्हणाल्या, "देवाजवळ ठिवतोस व्हय रं?"

"आई, वायर इथंच येते."

"मग ऱ्हाऊ दे. देवाच्या शेजारी हाय तर धड वागंल."

तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता, काय सांगू.

रस्त्यापलीकडे कस्तुराबाईंचं घर. त्यांच्या घरातून सकाळी बुद्धवंदनेचे सूर यायचे, आमच्या घरातून आरतीचे. सरूबाई आणि कस्तुराबाई तरुणपणापासून आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, एकाच खाचरात वाकायच्या आणि दुपारी एका फडक्यातली भाकरी खायच्या. घरी मात्र कस्तुराबाई आमच्या पायरीपर्यंतच येत. आत या असं कुणी म्हणत नसे, आणि येऊ का असं त्याही विचारत नसत. याला कुणी नियम म्हणत नव्हतं. पण मोडतही कुणी नव्हतं.

कस्तुराबाईंची नात कोमल. दिवसा ती मळवलीच्या एका बंगल्यात साफसफाईला जायची. लोणावळ्याच्या हॉटेलात काउंटरवर उभं राहायचं, पाहुण्यांचं स्वागत करायचं, हे तिच्या मनात होतं. त्याचे धडे फोनवर मिळतात, असं तिला कुणीतरी सांगितलेलं. एके दिवशी तिने भीत भीत विचारलं, तेव्हा सरूबाईंनीच विक्कीला सांगून तिला पासवर्ड देवविला. तेव्हापासून कोमल कामावरून आली की तिन्हीसांजेला आमच्या पायरीवर बसायची आणि हळू आवाजात म्हणायची, "गुड इव्हिनिंग सर, वेलकम." निवृत्तीभाऊ आतून ओरडायचे, "आलो आलो, खोली दाव." मग ती हसायची. मला तिचा आवाज आवडायचा. तिच्या धड्यातल्या शब्दन् शब्दाची मी निष्ठेने ने-आण करायचो.

असे चांगले दिवस चालले होते. मग खंडेनवमी आली.

तुम्हाला ठाऊक आहेच, त्या दिवशी आपण हत्यारं-अवजारं पुजतो. विळा, कोयता, पाभर, विक्कीची मोटारसायकल, सगळ्यांना गंध-फूल मिळालं. सरूबाई माझ्यापुढे आल्या. "ह्यो बी राबतोच की," म्हणाल्या. त्यांनी माझ्या सगळ्या तारा काढल्या, मला ओल्या फडक्याने पुसलं, उताणं-पालथं करून पाठीवरही अक्षता वाहिल्या. कुंकवात भिजवलेल्या लाल, ओलसर अक्षता. मग कपाळावर हळदीकुंकवाचा ठसठशीत टिळा लावला आणि तारा पुन्हा होत्या तिथे खोचल्या.

मित्रांनो, मी हरखून गेलो होतो. पण त्यातला तांदळाचा एक दाणा, बाहेरची तार जिथे जाते त्या भोकात शिरून बसला. तार आत गेली, पण अडकण्याचा जो 'टक्' आवाज येतो तो आला नाही. आणि कपाळावरचा टिळा बरोब्बर चौथ्या दिव्यावर आला होता.

आता पुढचं ऐका. संध्याकाळी निरंजनाला जागा व्हावी म्हणून सरूबाई मला फळीवर पुढे ओढत. ओढलं की तार ताणायची, दाण्यामुळे अर्धवट बसलेली ती सैल व्हायची आणि बाहेरची वाट तुटायची. सकाळी फळी पुसून त्या मला पुन्हा भिंतीशी सरकवत, की तार आत दाबली जायची आणि सगळं सुरळीत. दिवसभर मी शहाणा आणि दिवेलागणीला मुका. माझा चौथा दिवा लाल होऊन होऊन सांगत होता, पण तो कुंकवाखाली होता. लाल कुंकवाखाली लाल दिवा कुणाला दिसणार? आणि रोज नवा टिळा लागत होता.

वाईट हे, की घरातल्या घरात माझं वायफाय चालूच असायचं. फोनवरचं पंख्यासारखं चिन्ह पूर्ण भरलेलं दिसायचं. नेट आहे असं वाटायचं, पण एकही पान उघडायचं नाही. नुसतं चाक गोल गोल फिरायचं.

"विक्या, माजा बैल घाटातच उबा ऱ्हायलाय," निवृत्तीभाऊ म्हणायचे. "फुडं बी जाईना, मागं बी येईना."

विक्कीने जे जे सुचलं ते केलं. मला बंद करून चालू केलं. फोन बंद करून चालू केला. वायफायचं नाव फोनमधून पुसून पुन्हा जोडलं. माझी वाकडी शेंडी सरळ करायला गेला आणि आणखी वाकडी केली. पेरूखाली उभा राहून त्याने नेटवाल्यांना फोन लावला, तर ते म्हणाले, आमच्याकडून लाइन ठीक आहे, माणूस पाठवतो. माणूस सकाळी आला. सकाळी मी भिंतीशी टेकलेला होतो आणि ठणठणीत चालत होतो. तो चहा पिऊन गेला. त्याने माझ्या पाठीला हातही लावला नाही, कारण माझ्यापुढे फूल होतं.

"वायफाय तर फुल दावतंय," निवृत्तीभाऊ फोन कानाजवळ हलवत म्हणाले. "मग पाणी कुटं मुरतंय?"

तेव्हा जप आटोपून सरूबाई उद्याची वात वळत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "वरच्या आळीनं मोटार लावली की खालच्या नळाला पानी येत न्हाई. तसं तर न्हाई ना? रोज दिवेलागनीलाच जातंय. पोरगी बी तवाच येती."

बोलणं इतकं मऊ होतं, की त्याला आरोप म्हणावा हेही कुणाच्या लक्षात आलं नाही. पण विक्कीच्या ते डोक्यात बसलं. खरं म्हणजे, मित्रांनो, कोमलच्या फोनवरही तेच चाक फिरत होतं. ती पायरीवर बसून वाट पाहायची, आणि फोन बंद करून घरी जायची. तिला वाटायचं, आपलाच फोन जुना. दुसऱ्याच्या घरचं फुकट वापरतो आहोत, त्याच्याबद्दल तक्रार तरी कोणत्या तोंडाने करायची? चोरी तर सोडाच, तिला तिच्या वाटणीचं एक पानही मिळत नव्हतं. हे त्या घरात फक्त मला ठाऊक होतं.

अशातच एका सकाळी कामावर जाताना तिने सरूबाईंना सांगितलं, "सरूआजी, उद्या संध्याकाळी माझी मुलाखत आहे. लोणावळ्याच्या हॉटेलातल्या मॅडम फोनवरच घेणारेत, तोंड बघून. मी इथंच पायरीवर बसले तर चालेल ना?"

"बस की बाई," सरूबाई म्हणाल्या.

आणि त्याच दिवशी विक्कीने पासवर्ड बदलला. आईला तसं सांगितलंही. सरूबाईंनी मान डोलवली नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

तिन्हीसांजेला कोमल आली, पायरीवर बसली. तिच्या फोनने माझं दार ठोठावलं. तिने जुनाच पासवर्ड दिला आणि मला तिला परत पाठवावं लागलं. पुन्हा दिला, पुन्हा परत. मी तिचा फोन चांगला ओळखत होतो. तरी अनोळखी असल्यासारखा वागलो, कारण मला तसं सांगितलेलं होतं.

तिने उंबऱ्याबाहेरून विचारलं, "आजी, पासवर्ड बदललाय का?"

सरूबाई निरंजनापुढे बसल्या होत्या. मौनाची वेळ होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

कोमलने फोन बंद केला. "राहू दे आजी, माझाच फोन जुना झालाय," असं म्हणून तिने ओढणी झटकली आणि गेली. सरूबाईंच्या हातातली माळ एकाच मण्यावर थांबली होती. मी शेजारीच होतो, मी पाहिलं.

दुसरा दिवस मुलाखतीचा. संध्याकाळ झाली. पायरी रिकामी होती. सरूबाईंनी नेहमीप्रमाणे मला पुढे ओढलं आणि निरंजन घासायला घेतलं. निवृत्तीभाऊंचा बैल घाटात थांबला.

त्यांनी फोन दोनदा हलवून पाहिला. मग म्हणाले, "आज तर पोरगी न्हाई. मग आज कुनी पिलं नेट?"

विक्की मुकाट्याने पेरूखाली गेला आणि नेटवाल्यांना फोन लावला. तिथूनच त्याने आवाज दिला, "आई, ते म्हणतायत मागची वायर काढून परत घाल. टक् वाजलं पाहिजे म्हणे."

सरूबाईंनी मला वळवलं आणि तार ओढली. ती किती सहज हातात आली. त्यांनी मला उजेडाकडे धरून त्या भोकात पाहिलं, वातीच्या काडीने हळूच कोरलं, आणि त्यांच्या तळव्यावर एक दाणा पडला. लाल, सुकलेला, कुंकवाचा.

त्या घरात तसल्या अक्षता दुसरं कुणीच करत नव्हतं.

"काय गावलं गं?" निवृत्तीभाऊंनी विचारलं. सरूबाईंनी मूठ मिटली. मग दाणा पदराच्या टोकाला बांधला. मला वाटलं, झालं. आता तार घालतील, निरंजन लावतील, डोळे मिटतील. कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. मी तर बोलणार नव्हतोच.

त्यांनी तार घातली. टक् वाजलं. निरंजनात वात होती, तूप होतं. त्यांनी काडीपेटी उचलली आणि खाली ठेवली.

"विक्या," त्या म्हणाल्या, "गाडी काढ."

दिवेलागणीच्या वेळी त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. निवृत्तीभाऊंनी फोन बाजूला ठेवला. सरूबाई अनवाणीच रस्ता ओलांडून गेल्या. कस्तुराबाई त्यांच्या दारातच बसल्या होत्या, त्यामुळे बोलणं मला ऐकू आलं.

"कस्तुराबाई, कोमल कुटं हाय?"

"ती गेली मगाशीच. पुलावर रेंज येती म्हनली. हितं बसायची व्हती, पन तुमच्याकडं काय तरी बदललं म्हनं."

"माजं चुकलं गं."

"चुकलं आसंल तर मागनं बोलू, सरूबाई. आदी पोरीला गाठा. तितं गाड्यांच्या आवाजात तिला काय ऐकू येनार?"

सरूबाईंना मागे बसवून विक्कीची मोटारसायकल गेली. मी आणि निवृत्तीभाऊ असे दोघंच उरलो. माझे चारही दिवे हिरवे होते, चौथा टिळ्याखाली. घरात अंधार वाढत होता आणि देवापुढे दिवा नव्हता.

ते आले तेव्हा तिघंही एकाच गाडीवर होते. कोमल उतरून, सवयीने, पायरीवर बसली.

"तितं न्हाई," सरूबाई म्हणाल्या. "आत ये."

"पायरी बरी आहे आजी. सवय आहे मला."

"तुला आसंल. मला आता न्हाई ऱ्हायची. ये आत."

कोमलने चपला काढल्या. उंबऱ्याशी एकदा थांबली. मग आत आली आणि माझ्या फळीखाली भिंतीला टेकून बसली. विक्की खाली मान घालून म्हणाला, "जुनाच पासवर्ड टाकलाय परत." तिच्या फोनने दार ठोठावलं, आणि मी इतक्या घाईने उघडलं की काय सांगू.

मॅडमचा चेहरा तिच्या फोनवर उमटला. त्यांनी नाव-गाव विचारलं, इंग्रजीत दोन-चार वाक्यं बोलायला लावली. कोमल आधी अडखळली, मग सरळ बोलू लागली. निवृत्तीभाऊ आपला फोन मांडीखाली घेऊन बसले होते. सरूबाई काळोखात खांबाला धरून उभ्या होत्या. फळीच्या आसपासही त्या फिरकल्या नाहीत, मला धक्का लागेल म्हणून.

मग मॅडमनी विचारलं, "समजा, पाहुणे चिडून काउंटरवर आलेत. खोलीतलं वायफाय दिसतंय, पण काहीच उघडत नाही. काय करशील?"

हॉटेलात हे रोजचंच असणार, म्हणून त्यांनी विचारलं. या घरात मात्र कुणी हललं नाही.

कोमल म्हणाली, "आधी सॉरी म्हणेन. मग आमची वायर, आमचा राऊटरचा डबा तपासायला सांगेन. पाहुण्यांच्या फोनमध्ये दोष आहे का, ते शेवटी बघेन."

मॅडम हसल्या. सरूबाईंनी खांबाला कपाळ टेकवलं.

फोन बंद झाल्यावर सरूबाई पुढे आल्या. त्यांनी पदराची गाठ सोडली आणि दाणा कोमलच्या हातावर ठेवला.

"ह्यो माज्या हातचा," त्या म्हणाल्या. "खंडेनवमीला वाहिला व्हता. ह्याच्यापायी नेट जात व्हतं. आन् मी बोल लावला तुला. तू वढतीस म्हनून पासवर्ड बदलला आमी."

कोमलने दाण्याकडे पाहिलं. मग विचारलं, "मी काल विचारलं तेव्हा बोलला का नाही, आजी?"

"मौन व्हतं," सरूबाई म्हणाल्या. आणि लगेच मान हलवली. "न्हाई. मौन देवासाटी आसतं. काल मी लपले व्हते."

कोमल "असू दे" म्हणाली नाही, रागावलीही नाही. दाणा तिने परत सरूबाईंच्या हातावर ठेवला. तोवर कस्तुराबाई नातीला न्यायला आल्या होत्या आणि सवयीने पायरीशी थांबल्या होत्या. सरूबाई त्यांना म्हणाल्या, "तुमी बी आत या. च्या टाकते." कस्तुराबाई म्हणाल्या, "आज नगं. आज पोरीला घरी नेती." त्या दोघी रस्ता ओलांडून जाईपर्यंत सरूबाई दारात उभ्या होत्या. मग आत येऊन त्यांनी निरंजन लावलं. गावातल्या सगळ्या देवघरांतले दिवे तोवर शांत होत आले असतील.

कोमलला ती नोकरी मिळाली. आता ती लोणावळ्याला जाते, गळ्यात नावाची पट्टी असते. कधीतरी सुट्टीच्या दिवशी येते, आत बसते, निवृत्तीभाऊंना शर्यतीचा निकाल विचारते. पुष्कळदा रस्त्यावरूनच हात करून जाते. कस्तुराबाई पुढे एकदा चहाला आल्या, पण काही आठवड्यांनी. सरूबाईंनी घाई केली नाही. तो दाणा त्यांनी फेकला नाही. देव्हाऱ्यातल्या लहान वाटीत ठेवला आहे, रोज दिवा लावताना समोर येईल असा.

मी मात्र अजून त्या पायरीकडे पाहिलं की खाली बघतो. खाली बघणं म्हणजे काय, माझा वायफायचा दिवा जरा लुकलुकतो, एवढंच. ज्याला रोज नमस्कार होत होता, त्याच्यापायी एका मुलीला परकं व्हावं लागलं. ती चोर ठरत असताना तिच्या फोनवर पूर्ण भरलेलं चिन्ह दाखवणारा मीच होतो.

माझे दिवस आता थोडे राहिलेत. विक्की नवा राऊटर आणायचं म्हणतो. म्हणून मित्रांनो, जाता जाता एवढंच मागतो. पान उघडेनासं झालं, तर रस्त्यापलीकडच्या घराकडे बघण्याआधी आपल्या डब्याची तार काढून पुन्हा घाला आणि टक् वाजतं का ऐका. आमच्यावर धूळ बसू देऊ नका. आम्ही राबतो असं वाटलं तर खुशाल पूजा करा, पण अक्षता पायाशी वाहा. आणि कपाळावर कुंकू लावलंत, तर तो चौथा दिवा तेवढा मोकळा ठेवा.